अटलांटाला नवीन आलात? एक दिवस सायकलवर ॲनिस्टनला जा

अटलांटात येऊन वर्ष उलटलं तरी आपल्यातल्या बऱ्याच जणांचं जग ऑफिस, अपार्टमेंट आणि देशी किराणा एवढ्यातच असतं. म्हणून नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहाने सांगते, सायकल घ्या आणि एकदा तरी अटलांटाशेजारच्या स्मर्नाहून अलाबामातल्या ॲनिस्टनला जा.

वाट अवघड नाही. जुन्या रेल्वेमार्गाचे रूळ काढून तिथे पक्का सायकलमार्ग केला आहे. जॉर्जियात त्याचं नाव सिल्व्हर कॉमेट, ६१.५ मैल. याच नावाची आगगाडी १९४७ ते १९६९ या काळात इथून धावायची. अलाबामात पुढे चीफ लडीगा, सुमारे ३३ मैल. दोन्ही मिळून दीडशे किलोमीटर होतात. एका दिवसात झेपणार नसेल तर मध्ये मुक्काम करा. रॉकमार्टपर्यंत फारसा चढ नाही. त्यानंतर सीडरटाउनच्या आधी मार्ग रेल्वेची वाट सोडतो आणि खडे चढ लागतात. तिथे उतरून सायकल ढकलायला लाजू नका.

इथे उजवीकडून चालवायचं. गावातला रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, कारण आपली मान सवयीने उजवीकडे वळते. जुलैत हवा मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट असते, त्यामुळे एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. रविवारी सकाळी गावं चर्चमध्ये असतात, खायला मिळेलच असं नाही. शनिवारी निघा.

शाकाहारी असाल तर "मांस आहे का?" एवढंच विचारून भागत नाही. फरसबी आणि कोलार्डची पालेभाजी बऱ्याचदा डुकराच्या मांसाचा तुकडा घालून शिजवतात, आणि वाढणाऱ्याच्या लेखी ती भाजीच असते. "पोर्क किंवा बेकन घातलंय का?" असं स्पष्ट विचारा. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगांचा फलक दिसला तर मात्र थांबाच. मिठाच्या पाण्यात तासन्‌तास शिजलेल्या, टरफलं मऊ पडलेल्या. पहिली शेंग दाताने फोडली आणि खारट पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, तेव्हा मला आजीच्या अंगणातली शेंगांची पातेली आठवली. विकणाऱ्या बाई "हनी" म्हणून हाक मारतील, तुम्ही "येस, मॅम" म्हणा. वाटेत भेटणारा प्रत्येक जण हात करतो. तुम्हीही करा.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. अलाबामाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं. फोनवरची वेळ आपोआप बदलली, आणि एक तास हाताशी आला असं समजून मी पीडमॉन्टला निवांत बसले. सूर्य काही घड्याळ बघत नाही. ऑक्टोबर होता, दिवा नव्हता. शेवटचे दहा मैल फोनच्या टॉर्चवर काढले आणि जे पाहायला गेले होते ते त्या दिवशी राहून गेलं.

१४ मे १९६१ रोजी फ्रीडम रायडर्सच्या, म्हणजे बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेल्या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या, बसवर जमावाने ॲनिस्टनच्या बस डेपोत हल्ला केला आणि गावाबाहेर ती बस पेटवली. गोरे आणि काळे प्रवासी एकत्र बसले होते, एवढंच कारण. २०१७ पासून या जागा राष्ट्रीय स्मारक आहेत. आपल्यासाठी इमिग्रेशनचं दार उघडणारा १९६५ चा कायदा त्याच चळवळीच्या वर्षांतला. मी नंतर पुन्हा गेले, सायकल हाताशी धरून तिथला मजकूर पूर्ण वाचला. तुम्ही पहिल्याच फेरीत उजेडी पोचा, आणि परत न्यायला कुणाला तरी गाडी घेऊन आधीच बोलावून ठेवा.