पीएम किसानचा अडलेला हप्ता कसा सोडवावा

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेतून पात्र शेतकरी कुटुंबाच्या बँक खात्यात वर्षाला ६,००० रुपये, दर चार महिन्यांनी २,००० रुपयांच्या हप्त्याने जमा होतात, आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच पैसे आणखी मिळतात. नमोसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, कारण ती यादी पीएम किसानच्याच लाभार्थ्यांवरून तयार होते. त्यामुळे एक हप्ता अडला की सहसा दुसराही अडतो, आणि पेरणीच्या तोंडावर कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम मुळीच लहान नसते.

हप्ता आला नाही की बहुतेक जण आधी बँकेत, मग तलाठ्याकडे आणि शेवटी तालुक्याला चकरा मारतात. त्याआधी पीएम किसानच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्टेटस’ येथे नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती पाहावी. क्रमांक आठवत नसल्यास तो आधार किंवा मोबाइल क्रमांकावरून तेथेच शोधता येतो. उघडलेल्या पानावर लँड सिडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडणे), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) आणि आधार-बँक सिडिंग (बँक खाते आधारशी जोडणे) या तीन नोंदी दिसतात. यांपैकी ज्या नोंदीपुढे ‘नो’ असेल, तेवढ्याच कामासाठी बाहेर पडावे.

ई-केवायसी आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीने घरीच होते. मोबाइल जोडलेला नसेल तर सामायिक सुविधा केंद्रात अंगठा द्यावा लागतो. मात्र वर्षानुवर्षे खुरपणी करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, अशा वयस्कर महिलांचा ठसा यंत्र पुनःपुन्हा नाकारते. त्यांना ताटकळत ठेवू नये. योजनेच्या मोबाइल ॲपमध्ये चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय २०२३ पासून आहे, आणि ती घरातल्या कोणालाही करून देता येते.

सर्वांत जास्त गोंधळ बँकेच्या नोंदीत होतो. पासबुकासोबत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते जोडले गेले, असे नाही. आधारवर येणारे सरकारी पैसे एनपीसीआय या बँकांमधील देवाणघेवाण सांभाळणाऱ्या संस्थेकडे त्या आधारपुढे ज्या बँकेची नोंद शेवटी झाली असेल, त्याच बँकेत जातात. मधल्या काळात दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल, तर हप्ता तेथे पडून असण्याची शक्यता असते, म्हणून ते खातेही तपासावे. नोंदच नसेल, तर शाखेत ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार सिडिंग’ असे स्पष्ट लिहून संमतीपत्र द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

लँड सिडिंग अडले असेल, तर ताजा सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार आणि आधार घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावे. त्याआधी सातबारा आणि आधार शेजारी ठेवून नाव अक्षरशः वाचून पाहावे, कारण एकीकडे ‘बाळू’ आणि दुसरीकडे ‘बाळासाहेब’ असेल, तर दुरुस्तीचे काम तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, आधी करावे लागते. ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक काढला नसेल, तर तोही याच फेरीत काढून घ्यावा. त्रुटी दूर झाल्यावर पात्र शेतकऱ्याला थकलेले हप्तेही मिळतात, त्यामुळे उशीर झाला म्हणून प्रयत्न सोडू नयेत.

योजनेच्या निकषांत पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब धरले जाते, म्हणून पती-पत्नी दोघांच्या नावे जमीन असली तरी लाभ एकालाच मिळतो. मागील वर्षी आयकर भरलेले, तसेच चतुर्थ श्रेणी वगळता सरकारी नोकरीतले कुटुंब अपात्र ठरते, आणि चुकून घेतलेले पैसे परत करावे लागतात.

लाभार्थ्याचे निधन झाले असेल, तर त्यांच्या खात्यात हप्ते येत राहू देऊ नयेत. तेही वसूल होतात. मृत्यूचा दाखला कृषी कार्यालयात देऊन ती नोंद बंद करावी, सातबाऱ्यावर वारस नोंद लावून घ्यावी आणि फेरफार मंजूर होताच वारसाने स्वतःच्या नावे नवीन नोंदणी करावी.