प्रभार घेण्याआधी तांदूळ मोजा

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आलं, कागदपत्रं तपासून झाली, समुपदेशनात शाळा निवडली आणि आता घरात बॅग भरणं चाललंय, अशांसाठी हे लिहितेय. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी) यांचं तुम्हाला माझ्यापेक्षा ताजं ठाऊक आहे, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते रुजू झाल्यानंतरचं. त्यातली एक गोष्ट जरा लांबवणार आहे, कारण तिने माझी वर्षभर झोप घालवली.

मी लातूर जिल्ह्यातली. डिसेंबर 2017 ची टेट दिली, नेमणूक हातात पडली 2019 मध्ये, आणि जिल्हा मिळाला सिंधुदुर्ग. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट 23. तेव्हा प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर नेमलेल्या शिक्षकाला, महिना 6000 रुपये मिळायचे. जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालंय, म्हणजे तुमची गत आमच्याइतकी वाईट नाही. पण खोलीचं भाडं, गॅस आणि गावी जाण्या-येण्याचं तिकीट धरलं तर उड्या मारण्यासारखीही नाही. शिवाय शालार्थ या पगाराच्या सरकारी प्रणालीत नाव चढेपर्यंत एक पैसा येत नाही. माझं पहिलं मानधन पाचव्या महिन्यात आलं. तोवर वडिलांनी सोयाबीन विकून पाठवलेल्या पैशांवर मी सरकारी नोकरी केली. निघताना सहा महिन्यांची सोय करूनच निघा, आणि हात पसरायची वेळ आलीच तर घरी पसरा, शाळेतल्या सहकाऱ्यापुढे नको. त्या उपकाराचं ओझं पुढे कुठे नडतं ते खाली येईलच.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले आणि सवयीने म्हणाले, "काय करायलाव रे लेकरांनो?" सगळा वर्ग खो खो हसला. आठवडाभर अंगणात "करायलाव, करायलाव" चाललं होतं. दुसऱ्या दिवशी माझं पेन सापडेना, तर एकजण ओरडत आला, "बाई, पेन गावला!" मी म्हटलं, गावाला कोण घेऊन गेलं? पुन्हा हशा. मालवणीत गावणं म्हणजे सापडणं, मिळणं. गणिताचं उत्तर आलं तरी "माका गावला", नाही आलं तर "गावाक नाय". मग मी फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले: का, कित्याक, कामून. तिसरा आमच्याकडचा. तीन ठिकाणची माणसं एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारतात याची पोरांना एवढी गंमत वाटली की माझे पहिले दोन महिने त्याच भांडवलावर निभले. तुमची नेमणूक कुठेही असो, पहिलीच्या मुलाची घरची बोली दुरुस्त करायला जाऊ नका. पुस्तकातली मराठी येते हळूहळू. मी एकीला चारचौघांत "आसा नाही, आहे म्हण" असं टोकलं, तर ती गप्पच झाली. गणपतीच्या सुट्टीआधी गप्प झालेली पोर शिमग्याला बोलली.

डी.एड.ला आपण एका वर्गाचं, एका तासाचं पाठटाचण काढतो. इथे पहिलीला अक्षर गिरवायला द्यायचं, तिसरीला हातच्याचा गुणाकार समजवायचा, तेवढ्यात चौथीतल्या दोघांची पट्टीवरून मारामारी सोडवायची, आणि मध्येच मोबाइल वाजतो: "माहिती तातडीने पाठवा." माहिती काय, तर गेल्याच आठवड्यात पाठवलेली, फक्त रकाने वेगळे. यू-डायस आणि सरल या शाळेच्या माहितीच्या सरकारी प्रणाली, शिवाय आधार जुळवणी. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत मूल धरलं जावं म्हणून आपण आईबापांना घेऊन आधार केंद्रावर. आमच्याकडे रेंज मिळते देवळामागच्या घाटीवर. पोषण आहाराची रोजची नोंद मी कितीतरी महिने पावसात, छत्री मानेत धरून, तिथे उभी राहून भरली आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये असं आहे. पाठ करून ठेवा हवं तर. ते दाखवून कोणी ड्यूटी रद्द करून घेतलेली मी अजून पाहिली नाही.

इथे कोणाचं ऐकायचं, हा खरा प्रश्न. माझं मत थोडं वाकडं आहे. नव्या शिक्षकाची खरी गुरू म्हणजे शाळेत स्वयंपाक करणाऱ्या काकी आणि दुसरी अंगणवाडी सेविका. कुठल्या घरात भांडण चालू आहे, कोणाचे वडील मुंबईहून आलेत, कोणतं पोर सकाळी नुसत्या चहावर आलंय, हे त्यांना हजेरीआधी कळलेलं असतं. पोषण आहाराच्या तांदळात पोषक द्रव्यं घातलेले वेगळे दाणे मिसळून यायला लागले, तेव्हा वाडीत "प्लॅस्टिकचे तांदूळ" म्हणून बोभाटा झाला. मी सभा घेऊन लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-12 सगळं सांगितलं, कोणाला पटलं नाही. काकींनी तोच भात सगळ्यांदेखत आधी आपल्या नातवाच्या ताटात वाढला, विषय संपला. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, ज्येष्ठांचंही ऐका, पण जो "आमच्या वेळी असंच चालायचं" असं म्हणतो त्याला त्याची वेळ कोणती ते आधी विचारा. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली, तेव्हापासून आम्हाला सल्ले देणारेच आमच्याकडे नोट्स मागतात. यात मला आसुरी आनंद होतो असं नाही. पन्नाशीत बालमानसशास्त्र पाठ करणाऱ्या माणसाची दया येते. थोडा होतो.

आता तांदूळ.

2022 मध्ये शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकाची, आमच्या गुरुजींची, आंतरजिल्हा बदली झाली. आदेश संध्याकाळी आला, दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कार्यमुक्त व्हायचं होतं. दोघांतला एक गेला की उरलेल्याकडे मुख्याध्यापकाचा प्रभार येतो, नको म्हणायची सोय नसते. गुरुजींनी यादी तयार ठेवली होती: जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), कॅशबुक, पासबुक, डेडस्टॉक (शाळेच्या सामानाची नोंदवही), चाव्यांचा जुडगा, पोषण आहाराची साठा नोंदवही. शेवटची ओळ होती, तांदूळ शिल्लक 214 किलो. माणूस अतिशय भला. पहिल्या वर्षी माझं मानधन अडकलं तेव्हा सोयाबीनचे पैसे यायच्या आधी त्यांनीच न मागता दोन हजार हातावर ठेवले होते. निरोपाचा नारळ दिला, पोरं रडत होती, बाहेर रिक्षा थांबलेली. अशा वेळी "गुरुजी, पोती मोजून घेऊ या का?" हे तोंडातून कसं निघणार? लबाड माणसाकडून प्रभार घेताना आपण दहादा तपासतो. मी भल्या माणसाकडून घेत होते, म्हणून सही केली.

चौथ्या दिवशी काकी म्हणाल्या, पोती कमी दिसतात. वाडीतून ताणकाटा आणून मोजलं. मधल्या दिवसांचा शिजलेला तांदूळ मिळवूनही आकडा 146 वर थांबला. 68 किलो कमी. पहिली ते पाचवीला मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, म्हणजे आमच्या 23 मुलांच्या पूर्ण हजेरीचा दिवस 2 किलो 300 ग्रॅमचा. जवळजवळ 30 दिवसांचं जेवण वहीत होतं आणि कोठीत नव्हतं.

ते कोणी पळवलं नव्हतं, म्हणून तर गोष्ट अवघड. पावसाळ्यात कोठीच्या भिंतीला ओल येऊन एक अख्खं पोतं बुरशीने गेलं होतं. मुलांना बाधू नये म्हणून गुरुजींनी ते टाकून दिलं, योग्यच केलं, पण पंचनामा केला नाही आणि वहीत वजा टाकलं नाही. उरलेले 18 किलो पोत्यापोत्यातून गळालेले. पोत्यावर छापलेलं असतं 50, भरतं 48, वहीत चढतं 50. नऊ पोत्यांत 18 किलो हवेतले.

मी घाबरून आणखी मूर्खपणा केला. केंद्रातल्या एकांनी तोडगा सांगितला, रोज दोन मुलं जास्त दाखवा, हळूहळू बसून जाईल. मी तीन दिवस दाखवली. तिसऱ्या दिवशी जिला हजर मांडली ती मुलगी तापाने दवाखान्यात होती, आणि तिचे वडील डबा घेऊन शाळेसमोरून जाताना मला म्हणाले, "बाई, सलाईन लावल्यानी." माझ्या हातात हजेरीच होती. तोवर चूक तांदळाची होती आणि दुसऱ्याच्या काळातली होती. हजेरी खोटी केल्यावर ती माझी झाली. त्याच संध्याकाळी हजेरी दुरुस्त केली, केंद्रप्रमुखांना लेखी कळवलं, शाळा व्यवस्थापन समितीची सभा लावली. पुढे खुलासा, खुलाशावर खुलासा, त्रुटीपूर्तता, वर्ष गेलं. बुरशीचं पोतं अखेर मान्य झालं, कारण काकींनी आणि दोन पालकांनी लेखी दिलं. 18 किलोची किंमत मी भरली. रक्कम किरकोळ होती हो. पण त्या वर्षात कोणतीही गाडी शाळेच्या वळणावर थांबली की माझ्या पोटात गोळा यायचा.

म्हणून नीट ऐका. प्रभार यादीवर सही करण्याआधी तांदूळ, कडधान्य, तेल सगळं वजन करा. अंदाज नको, "पोतं भरलेलं दिसतंय" नको. समिती अध्यक्ष आणि काकी समोर हव्यात. वहीतला आकडा आणि काट्यावरचा आकडा दोन्ही यादीत लिहा, फरक असेल तर फरक लिहा, त्याखाली तिघांच्या सह्या. कॅशबुक आणि पासबुक एकाच तारखेला जुळवा. जनरल रजिस्टरच्या शेवटच्या नोंदीखाली तारीख टाका, म्हणजे त्यानंतरच्या जन्मतारखांच्या खाडाखोडीचे धनी तुम्ही होणार नाही. आदेश कितीही तातडीचा असला तरी एवढ्याला दोन तास लागतात आणि रिक्षावाला थांबतो. समोरच्या माणसाला वाईट वाटेल ही भीती असेल तर आदल्या दिवशीच सांगा, "गुरुजी, तुमच्यामागे मला कोणी विचारायला नको म्हणून मोजू या." भला माणूस असेल तर स्वतः पोतं धरायला येईल. हे एवढं केलं की प्रभार झेपतो. मी, जिला बँकेची स्लिप भरताना घाम फुटायचा, ती आज सरळ शाळा चालवते, मग तुम्हाला काय अडचण आहे?

तयार नोंदींबद्दल दोन शब्द. शिक्षकांच्या ग्रुपवर प्रगतीपत्रकातल्या वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ फिरते, वेळ नसतो, आपण उतरवतो. मीही उतरवली. एका आईने प्रगतीपत्रक वाचून विचारलं, "बाई, आमचा चेडू झिल कधी झाला?" चेडू म्हणजे मुलगी, झिल म्हणजे मुलगा. मुलीच्या नोंदीत "गटाचे नेतृत्व करतो, मित्रांना मदत करतो" असं माझ्याच अक्षरात होतं. वाचून पाहिलं तर तिच्या भावाच्या पत्रकावरही शब्दन् शब्द तेच. तेव्हापासून मी वर्गात एक जुनी डायरी ठेवते आणि ज्या दिवशी मूल काही बोललं-केलं त्या दिवशी एक ओळ लिहिते. रोज जमत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पीडीएफचा मोह अजूनही होतो, खोटं कशाला बोलू.

तो ताणकाटा मी परत केलाच नाही, त्याच्या मालकाला नवा घेऊन दिला. आता तो वर्गात खिळ्याला टांगलेला असतो. तिसरीला किलो-ग्रॅम आलं की पोरं दप्तरं मोजतात, कोकमं मोजतात, एकदा कोणाचं तरी कोंबडं आणून मोजलं. तांदळाची गाडी आली की चौथीची मुलं पोतं लावतात, एकजण काटा वाचतो, एकजण कच्च्या वहीत लिहितो, आणि मग मी पावतीवर सही करते. गेल्या वेळी चालकाला घाई होती. तो म्हणाला, बाई, छापलंय ना 50, तेच लिहा, पुढे सहा शाळा आहेत. माझं पेन उचललेलंच होतं, दिवसही पावसाचा, मलाही घाई. काट्याशी उभा असलेला पोरगा वळला आणि म्हणाला, "बाई, पन्नास लिवूक नको. अठ्ठेचाळीस आणि वायच."

वायच म्हणजे किती, हे बघायला आम्ही पोतं पुन्हा लावलं. चालक इंजिन बंद करून पायरीवर बसला.