पाव किलो मटकी, दोन वेळची उसळ
महिनाअखेरीला भाजीचे पैसे संपले की पाव किलो मटकी काढा. खडे निवडून आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या, मग ओल्या फडक्यात सैलसर बांधा. दहा-बारा तासांत मोड येतात. ठाण्याच्या पावसाळी दमटपणात पुरचुंडी घट्ट बांधली की हवा खेळत नाही, मटकी बुळबुळीत होऊन आंबूस वास मारते. तेव्हा चाळणीतच पसरलेली बरी. अर्धी मटकी नि दोन बटाटे चौघांना पुरतात, कुकरही लागत नाही, झाकणावर पाणी ठेवून वाफवा. आमसूल मात्र शेवटी. आधी घातलं तर दाणा टणक राहतो. उरलेली फ्रिजमध्ये दोन दिवस टिकते. जांभळी नाक्यावर मोडाची आयती मिळते, पण त्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच!