हापूस अढीत कुजतो, पण रोग बागेतून येतो: या चुका टाळा

काल सोन्यासारखा दिसणारा हापूस आज देठाशी काळा पडलेला दिसला, की राग अढीवर, म्हणजे आंबे पिकवायला रचलेल्या पेंढ्यावर, नाहीतर पेटीवर निघतो. इथेच पहिली चूक होते. करप्याची, म्हणजे फळावर काळे डाग पाडणाऱ्या रोगाची, बुरशी मोहोरात आणि कोवळ्या कैरीत शिरते आणि सालीखाली दबा धरून बसते. कच्च्या फळात तिला रोखणारी द्रव्यं असतात. फळ पिकताना ती कमी होतात आणि बुरशी उठते. म्हणून काढणीच्या दिवशी फळ डागाविना दिसलं तरी निर्धास्त होऊ नका, अवकाळी पाऊस झालेल्या वर्षी तर मुळीच नाही.

सुकलेल्या काड्या आणि काळे पडलेले मोहोराचे दांडे झाडावर तसेच राहू देणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. पावसाच्या थेंबांबरोबर बुरशीचे बीजाणू तिथूनच फळावर उतरतात. सालीवर वरून खाली काळे ओघळ दिसले, तर ती करप्याची खूण. हंगाम संपला की या काड्या छाटून बागेबाहेर न्या. झाडाखाली टाकलेली छाटणी म्हणजे रोग घरातच ठेवल्यासारखं.

देठकुजीची बुरशी वेगळी. ती देठातून फळात उतरते, देठाभोवती तपकिरी कडं धरते आणि दोन-तीन दिवसांत आंबा पिचपिचीत होतो. फळ ओढून, देठ तोडून काढलं की तिला वाट मोकळी मिळते, शिवाय चीक ओघळून साल भाजते ती वेगळीच. चौदा आणे तयार, म्हणजे पूर्ण वाढलेलं पण अजून न पिकलेलं फळ ३ ते ५ सेंटिमीटर देठ ठेवून काढा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे देठासह फळ काढायचं लांब काठीचं साधन, याचसाठी आहे. आपटलेलं फळ वेगळं ठेवा, मग ते कितीही मोठं असो.

काढल्यावर त्याच दिवशी फळं ५० ते ५२ अंश सेल्सिअस पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवली, तर सालीतली बुरशी बरीच मरते. पण तापमापी हवाच. हाताच्या अंदाजाने पाणी जास्त तापलं तर साल भाजते, कमी तापलं तर मेहनत फुकट. नंतर फळं सावलीत पूर्ण सुकू द्या. ओली फळं पेंढ्यात घालणं म्हणजे बुरशीला आयता ओलावा देणं.

वरून निरोगी, पण कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत गर निघाला तर तो साका. तो बुरशीचा रोग नाही, त्यामुळे त्यासाठी बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. काढलेली फळं उन्हात, तापलेल्या कातळावर ठेवू नका, एवढं मात्र पाळा.

मुंबई-पुण्यात पेटी मागवणाऱ्यांनीही ती आली तशी बांधून ठेवू नये. उघडा, फळं सुटी पसरा, रोज देठाकडे बघा आणि डागाळलेलं फळ लगेच बाजूला काढा. कच्चा आंबा फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. थंडीने साल काळवंडते, फळ धड पिकत नाही आणि बाहेर काढल्यावर लवकर कुजतं.