नव्या फॉर्म्युला रेसिंग मालिकेत मुलाला बसवण्याआधी: वाळूजच्या एका मेकॅनिकचा अनुभव

दिवाळीनंतर माजलगावहून एका गृहस्थांचा फोन आला. "दादा, पोरगं पंधराचं झालंय. ती फॉर्म्युल्याची नवी मालिका निघालीय म्हणतेत, त्यात बसवायचंय. किती लागतेत?"

मी आकडा सांगितला नाही. पोरगा कार्ट चालवतो का, एवढंच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "कार्ट म्हंजे?"

असे फोन आता परभणी, लातूर, अंबडहूनही येतात. मी डिप्लोमा मेकॅनिकल. वाळूजला एका व्हेंडरकडे चार वर्षं टूलरूममध्ये काढली आणि मग एका ज्युनिअर सिंगल-सीटर (एकाच सीटच्या रेसिंग गाड्यांच्या) मालिकेत पहिल्याच सीझनला मेकॅनिक म्हणून गेलो. मालिका शून्यातून उभी राहताना आतून पाहिली. म्हणून हे लिहितोय.

आधी ही पायरी कोणती ते समजून घ्या. मुलं कार्टिंगमध्ये, म्हणजे जमिनीलगतच्या छोट्या, उघड्या रेसिंग गाड्या चालवत घडतात आणि तिथून खरी फॉर्म्युला गाडी. मधली उडी फार मोठी पडायची, म्हणून 'एफआयए'ने, म्हणजे मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने, २०१४ पासून फॉर्म्युला ४ सुरू केलं. किमान वय १५. आपल्याकडे इंडियन फॉर्म्युला ४ चा पहिला सीझन २०२३ मध्ये झाला आणि पुढच्याच वर्षी चेन्नईच्या रस्त्यावर रात्रीची शर्यतही झाली. त्याआधी आपल्याकडे काहीच नव्हतं असं मात्र समजू नका. कोइम्बतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन बसवून सिंगल-सीटर बनवली आणि तिच्यावर एक पिढी शिकली. स्विफ्टच्या इंजिनावरची एलजीबी फॉर्म्युला ४ आणि एमआरएफच्या फॉर्म्युला गाड्यांनीही कितीतरी मुलांना हात दिला. एलजीबीच्या नावात 'फॉर्म्युला ४' असलं तरी ती 'एफआयए'ची फॉर्म्युला ४ नव्हे. इथे पालक हमखास फसतात. फॉर्म्युला १ च्या सुपर लायसन्ससाठी तीन वर्षांत ४० गुण लागतात आणि 'एफआयए'ची मान्यता असलेल्या फॉर्म्युला ४ च्या विजेत्याला त्यातले १२ मिळतात. मान्यता नसलेल्या मालिकेत मुलगा शिकेल, पण हे गुण मिळणार नाहीत. शिकणं कमी मोलाचं आहे असं मी म्हणत नाही. कशाचे पैसे भरतोय ते माहीत असावं, इतकंच.

आता मालिका उभी कशी राहते ते सांगतो, कारण पोस्टरवर त्यातलं काहीच दिसत नाही.

आमच्या गाड्या पेट्यांतून आल्या. सगळ्यांची चासी (सांगाडा) एक, इंजिन एक, टायर एक. तरी एकाच साच्यातल्या दोन गाड्या सारख्या धावत नाहीत, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. सपाट फरशी शोधायला अर्धा दिवस गेला. मग चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून प्रत्येक कोपऱ्यावर किती भार येतो ते मोजायचं, स्प्रिंगचं आसन थोडं वर, थोडं खाली, परत मोजायचं. मग चाकांचा उभा आणि आडवा कल (कॅम्बर आणि टो), जमिनीपासूनची उंची. एका गाडीला पाच-सहा तास लागायचे. चालकाचं वजन गाडीच्या किमान वजनात धरलेलं असतं. बारक्या मुलाच्या गाडीला शिशाच्या पट्ट्या लावून ते भरून काढायचं. इंजिनला सील, ते चालवणाऱ्या कॉम्प्युटरला (ईसीयू) सील. कोणाला कोणती गाडी हे चिठ्ठ्या टाकून ठरायचं. ही चिठ्ठी मला फार महत्त्वाची वाटते. जिथे गाड्यांचं वाटप बंद दाराआड होतं, तिथे हरलेल्या मुलाला आपण कमी पडलो की गाडी, हे कधीच कळत नाही. आणि या वयात तेच कळायला हवं असतं.

वाळूजची सवय तिथे कामी आली. नट ठरलेल्या जोराने आवळला (टॉर्क मारला) की मार्करची रेघ ओढायची, ही शिस्त मला टूलरूमच्या फोरमननी लावली होती. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्यांचं काम चालतं तिथे, बाकीचे घाईत असताना मी रेघ पाहिल्याशिवाय गाडी खाली उतरवायचो नाही. मालिकेच्या दुसऱ्या फेरीपासून मुख्य इंजिनिअरनी सगळ्यांना तेच करायला लावलं.

त्याच दुसऱ्या फेरीतली गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्याच वळणावर तीन गाड्या एकमेकींना लागल्या आणि तीन पुढच्या विंग तुटल्या. शिल्लक होत्या दोन. आयोजकांनी गाड्या मोजून आणल्या होत्या, सुटे भाग मात्र 'पुढच्या कंटेनरमध्ये येतील' यावर सोडले होते. तिसरा मुलगा पुढची शर्यत ओव्हरऑल घालून टायरच्या थप्पीवर बसून पाहत होता. छोट्या गावचा होता, वडील रजा टाकून आले होते. मला म्हणाला, "दादा, माझी चूक नव्हती ना?" चूक त्याची नव्हतीच. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हापासून मी पालकांना सांगतो, करारावर सही करण्याआधी फीचा आकडा शेवटी विचारा. आधी विचारा की ट्रॅकवर नेणार किती वेळ. फक्त शर्यतीचा शनिवार-रविवार, की त्याआधी सरावाचे दिवसही? मूल शिकतं ते चाकामागच्या तासांत. मग टायरचे किती सेट, कारण नवा आणि जुना टायर यात जो फरक पडतो, तो मुलाच्या कौशल्यापेक्षाही मोठा ठरू शकतो. अपघात झाला तर बिल कोणाचं, अनामत किती, ती परत कधी. पुढच्या विंग आणि सस्पेन्शनचे आर्म किती शिल्लक आहेत. विमा काय भरून देतो. आणि माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न: डेटा दाखवणार का? प्रत्येक गाडीत ब्रेकचा दाब, थ्रॉटल, स्टेअरिंगचा कोन नोंदला जातो. सगळ्यात वेगवान मुलाच्या आलेखाची रेघ आपल्या मुलाच्या रेघेवर ठेवून पाहिली, की 'इथे तू वीस मीटर आधी ब्रेक दाबतोस' हे त्याला अर्ध्या मिनिटात पटतं. ज्या मालिकेत हा डेटा सगळ्यांना खुला असतो, तिथे फी थोडी जास्त असली तरी मी तीच निवडेन. युरोपात फॉर्म्युला ४ चा एक सीझन रुपयांत कोटींवर जातो, म्हणून देशातल्या मालिकेची फी स्वस्त वाटते. पण फीला ट्रॅकवरच्या तासांनी भागून बघा, मग काय ते कळेल.

मुलाच्या शरीराबद्दलही बोलायला हवं. या गाडीच्या ब्रेकला आपल्या घरच्या कारसारखी मदत नसते, सगळा जोर पायाचा. ब्रेक डाव्या पायाने मारायचा असतो, कार्टवाल्या मुलांना ती सवय असते. गिअर स्टेअरिंगमागच्या पॅडलवर, क्लच जवळजवळ फक्त सुटताना, आणि नवखा हमखास तिथेच गाडी बंद पाडतो. वेगात वळताना डोकं हेल्मेटसकट बाहेर ओढलं जातं, त्यामुळे मान मजबूत हवी. सीट तर प्रत्येकाची वेगळी: पिशवीत फोम ओतून मुलाला त्यात बसवतात, फोम फुगून त्याच्या पाठीचा साचा होतो. त्या वेळी हलायचं नाही आणि श्वास धरून आखडायचंही नाही. सीट सैल झाली तर मूल पूर्ण शर्यतभर स्टेअरिंगला लटकत राहतं. आमच्या भागातल्या मुलांना उन्हाची सवय असते, ती चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई ट्रॅकवरच्या दमट हवेत पुरत नाही. तिथे घाम वाळतच नाही. पाणी आदल्या दिवसापासून प्यायला लावा.

मराठवाड्यात रेसिंगचा ट्रॅक नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा साधारण ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आणि कोइम्बतूरचा लहान कारी स्पीडवे, वाळूजहून दोन्ही हजार किलोमीटरच्या पलीकडे. पण सुरुवातीला तिकडे जायची गरजच नाही. कार्टिंगसाठी कोल्हापूरला मोहिते अकादमीचा ट्रॅक आहे, पुण्या-मुंबईतही सोय आहे. भाड्याच्या कार्टवर महिन्यातून दोनदा, असं सहा महिने चालवू द्या. तेवढ्यानंतरही मुलगा पहाटे आपण होऊन उठत असेल, तर मग लायसन्सचं बघा. ते देशाची फेडरेशन, एफएमएससीआय, देते. वैद्यकीय तपासणी आणि अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. आरटीओचं लायसन्स लागत नाही.

आणि ज्यांना चालक व्हायचं नाही किंवा परवडत नाही, त्यांच्यासाठी: नवी मालिका निघते तेव्हा चालकांच्या जागा मोजक्या असतात, हातांची गरज कितीतरी जास्त. मेकॅनिक, टायरवाले, डेटा बघणारे, ट्रॅकच्या कडेला सुरक्षा सांभाळणारे मार्शल. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बांधण्याच्या) संघात शिरा. सुप्रा किंवा फॉर्म्युला भारत या स्पर्धांसाठी एक गाडी स्वतःच्या हातांनी बांधलेली असली, की मुलाखतीत बोलायला काही उरत नाही, फोटो पुरतात. मार्शल म्हणून एक शनिवार-रविवार काढला तरी झेंडे, रेडिओ आणि अपघातानंतरची पहिली दोन मिनिटं कळतात. आमच्या संघातल्या दोन मुली तिथूनच आल्या. एक आता डेटा बघते.

माजलगावचे गृहस्थ मुलाला घेऊन कोल्हापूरला जाऊन आले. परत फोन. "दादा, पोराची मान दुखायलीय, पण पुन्हा जाऊ म्हणतंय." मी म्हटलं, लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या प्रत्येक चकरेच्या वेळेचा, कागद पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. बावीस लॅप. सर्वांत वेगवान लॅप काही खास नव्हता. पण सहाव्यापासून अठराव्यापर्यंत प्रत्येक लॅप एकमेकाच्या अर्ध्या सेकंदात होता, आणि शेवटचे चार मान थकल्यामुळे घसरले होते. मी त्यांना मानेचे व्यायाम लिहून पाठवले आणि पुढच्या महिन्याची तारीख विचारली.