मॅकच्या ॲपमध्ये डायलिब बसवताना: माझा अनुभव

डायलिब म्हणजे ॲप चालताना वापरतं ती वेगळ्या फाइलमधली कोडची लायब्ररी. ती वापरणारं माझं ॲप बिल्ड केलेल्या मशीनवर नीट उघडायचं, दुसऱ्या मॅकवर मात्र सुरू होताच बंद. क्रॅश रिपोर्टमध्ये 'लायब्ररी नॉट लोडेड'. ओटूल या टर्मिनलमधल्या साधनाला कॅपिटल एल पर्याय देऊन ॲपला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचे पत्ते पाहिले: ॲप लायब्ररी होमब्रूच्या (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाच्या) फोल्डरमध्ये शोधत होतं आणि त्या मॅकवर होमब्रूच नव्हतं. डायलिब स्वतःचा पत्ता स्वतःतच बाळगते. लिंक करताना तोच ॲपमध्ये उतरतो. म्हणून फाइल नुसती ॲपच्या कॉन्टेन्ट्समधल्या फ्रेमवर्क्स फोल्डरमध्ये टाकून भागत नाही.

इन्स्टॉल-नेम-टूल या पत्ते बदलायच्या साधनाने लायब्ररीचा आयडी (तिचा स्वतःचा पत्ता) @आरपाथवर आणला, ॲपमधला जुना पत्ता बदलला आणि एक्झिक्युटेबलला (ॲपच्या मुख्य चालणाऱ्या फाइलला) फ्रेमवर्क्स फोल्डरचा आरपाथ, म्हणजे लायब्ररी शोधायची जागा, जोडला. खरा वेळ गेला तो त्या लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्यांत. प्रत्येकीवर ओटूल चालवा. /यूएसआर/लिब आणि /सिस्टिम/लायब्ररी सोडून एकही थेट पत्ता उरता कामा नये.

पत्ते बदलले की फाइलवरची आधीची डिजिटल सही बाद होते आणि ॲपल सिलिकॉनवर (ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर) बाद सहीचं ॲप सिस्टिम चालूच देत नाही. कोडसाइन, म्हणजे ही सही, पुन्हा करा: आधी आतल्या डायलिब, शेवटी ॲप. आतल्या सगळ्यावर एकदम सही करणाऱ्या 'डीप' पर्यायावर विसंबू नका, असं माझं ठाम मत. आणि तपासणी होमब्रू नसलेल्या मॅकवरच करा, कारण बिल्डच्या मशीनवर राहून गेलेला जुना पत्ताही बिनबोभाट चालून जातो.