पर्यटनाच्या आकडेवारीवर इंग्रजी परीक्षेत अहवाल कसा लिहावा

परदेशी विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी आयेल्ट्सची अ‍ॅकॅडेमिक परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनाच्या पेपरात पहिलाच प्रश्न आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेच्या आकृतीवर येतो. त्यावर किमान 150 शब्दांचा अहवाल लिहायचा असतो आणि त्यासाठी 20 मिनिटे सुचवलेली असतात. उरलेली 40 मिनिटे निबंधासाठी असून निबंधाला दुप्पट भार आहे, त्यामुळे अहवालात अर्धा तास घालवणे परवडत नाही. चिमूर, धारणी किंवा मेहकरकडच्या एखाद्या अभ्यासिकेत बसून तयारी करणाऱ्या मुलामुलींना आकडे वाचता येत नाहीत, असे सहसा होत नाही. दहावीच्या इंग्रजीत तक्त्यावरून परिच्छेद लिहिण्याचा सरावही झालेला असतो. अडचण वेगळीच असते. विषय ओळखीचा निघाला की ते आकृतीत नसलेलेही लिहू लागतात, आणि पर्यटन हा आपल्याकडे फारच ओळखीचा विषय आहे.

समजा, एका व्याघ्र प्रकल्पातल्या महिनावार सफारींचा स्तंभालेख दिला आहे आणि त्यात जुलै ते सप्टेंबरचे स्तंभ जवळपास शून्यावर आहेत. मोहर्लीच्या प्रवेशद्वाराजवळ राहणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे कारण पाठ असते, कारण ताडोबाच्या गाभा क्षेत्रातली सफारी पावसाळ्यात बंद असते. तरीही हे कारण उत्तरात येता कामा नये. परीक्षक तुमचे पर्यटनाचे ज्ञान तपासत नाही. समोरची माहिती तुम्ही निवडून, ताडून, अचूक इंग्रजीत मांडता का, एवढेच तो पाहतो. सातबाऱ्यावर क्षेत्र आणि पीक नोंदलेले असते, पीक का बुडाले हे तलाठी तिथे लिहीत नाही. अहवालाचीही शिस्त तीच. ‘सरकारने रस्ते सुधारावेत’ यासारखी सूचना किंवा ‘ही चिंतेची बाब आहे’ यासारखे मत इथे गुण मिळवून देत नाही, उलट शब्द आणि वेळ खाते.

लिहिण्याआधीची तीन-चार मिनिटे आकृती वाचण्यात घालवावीत. आकडा नेमका कशाचा आहे, हे प्रथम पाहावे. पर्यटनाच्या आकडेवारीत इथेच अनेक जण फसतात, कारण ‘भेटी’ आणि ‘माणसे’ एक नव्हेत. शेगावला दर्शन घेऊन पुढे लोणारचे सरोवर पाहायला गेलेले कुटुंब दोन्ही ठिकाणच्या भेटींत मोजले जाते. तसेच एकच परदेशी प्रवासी वर्षातून दोनदा भारतात आला, तर आगमने दोन होतात. म्हणून शीर्षकात ‘अरायव्हल्स’ किंवा ‘व्हिजिट्स’ असेल तर उत्तरात ‘पीपल’ लिहू नये. त्यानंतर एकक, कालावधी आणि पैशाचे चलन पाहून घ्यावे.

आता खरे आकडे घेऊ. भारतातील परदेशी पर्यटकांची आगमने 2017 मध्ये 10.04 मिलियन, 2018 मध्ये 10.56, 2019 मध्ये 10.93, 2020 मध्ये 2.74 आणि 2021 मध्ये 1.52 मिलियन अशी नोंदली गेली. कोरोनाचा उल्लेख करण्याचा मोह इथे कोणालाही होईल, पण तक्त्यात तो शब्द नाही, म्हणून तो उत्तरातही नको. पाच आकडे ओळीने उतरवून काढले तरी तो अहवाल होत नाही. या पाच आकड्यांत गोष्टी दोनच आहेत: 2019 पर्यंत मंद वाढ आणि त्यानंतर मोठी घसरण. याच दोन गोष्टी म्हणजे तुमचा ओव्हरव्ह्यू. तो एका-दोन वाक्यांत आणि शक्यतो आकड्यांशिवाय लिहावा, उदाहरणार्थ: ‘ओव्हरऑल, अरायव्हल्स रोज स्लाइटली अन्टिल 2019, बट फेल शार्पली ओव्हर द नेक्स्ट टू इयर्स.’ माझ्या मते संपूर्ण उत्तरातले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे, कारण ते नसेल तर बाकीचे इंग्रजी कितीही देखणे असले, तरी प्रश्नाच्या पूर्ततेचे गुण अडकतात. ते शेवटी राहून जाऊ नये म्हणून पहिल्या प्रास्ताविक वाक्यानंतर लगेच लिहून टाकावे. प्रास्ताविकात प्रश्नातलेच शब्द जसेच्या तसे उतरवू नयेत. असे उतरवलेले शब्द मोजणीत धरले जात नाहीत.

पुढच्या दोन परिच्छेदांत आकडे येतात, पण निवडून. वरच्या उदाहरणात पहिल्या परिच्छेदात 10.04 वरून 10.93 पर्यंतची चढण पुरे; 2018 चा आकडा गाळला तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या परिच्छेदात आकडा नुसता न सांगता त्याची तुलना करावी: 2020 मध्ये आगमने आदल्या वर्षाच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशांनी घटली, आणि 2021 मध्ये ती 2019 च्या जेमतेम सातव्या भागावर आली. असे एक-दोन हिशेब केले की अहवालात जीव येतो, मात्र ते उत्तरपत्रिकेवर उतरण्याआधी कच्च्या कागदावर पडताळून घ्यावेत.

मराठीतून विचार करणाऱ्याला दोन जागी विशेष जपावे लागते. पहिली जागा लाख-कोटींची. दहा लाख म्हणजे एक मिलियन, त्यामुळे 109.3 लाख म्हणजे 10.93 मिलियन, आपण 1,09,30,000 असे लिहितो तोच आकडा तिथे 10,930,000 असा लिहिला जातो. दिलेल्या तक्त्यात मिलियन असेल तर मिलियनच ठेवावे, मनातल्या मनात लाखांत आणून परत फिरवू नये. दुसरी जागा ‘बाय’ आणि ‘टू’ यांची. ‘पाचने वाढले’ असे म्हणायचे असेल तिथे ‘बाय’ आणि ‘पाचवर पोहोचले’ असे म्हणायचे असेल तिथे ‘टू’, एवढे पक्के असले की पुरते. टक्केवारीतही हीच काळजी घ्यावी: हॉटेलात राहणाऱ्यांचे प्रमाण 20 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर गेले, तर वाढ 10 पर्सेंटेज पॉइंटची असते; ती ‘10 टक्क्यांनी’ झाली असे लिहिणे चूक आहे.

काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सरलेल्या वर्षांसाठी साधा भूतकाळ वापरावा आणि भविष्यातला अंदाज दिला असेल तर ‘इज प्रोजेक्टेड टू’ अशी रचना करावी. क्लासच्या नोट्समधली ‘स्कायरॉकेटेड’सारखी भडक क्रियापदे मात्र टाळावीत. ‘रोज’, ‘फेल’, ‘रिमेन्ड स्टेबल’, ‘पीक्ड अ‍ॅट’ एवढ्यांवर चांगला अहवाल निभावतो, आणि पाठ केलेली वाक्ये परीक्षकाच्या लगेच लक्षात येतात.

सरावासाठी महागडे पुस्तक लागत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची वार्षिक आकडेवारी आणि राज्याची दरवर्षीची आर्थिक पाहणी यांतून एखादा लहान तक्ता निवडावा, आधी चौकटीच्या वहीत त्याचा आलेख काढावा आणि मग घड्याळ लावून 160 ते 180 शब्द लिहावेत. पेपर संगणकावर देणार असाल तर शब्दसंख्या पडद्यावर दिसते. कागदावर देणार असाल तर आपल्या एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात हे आधीच मोजून ठेवावे. शेवटची दोन मिनिटे फक्त आकडे, वर्षे आणि एकके मूळ आकृतीशी ताडून पाहण्यासाठी राखावीत, आणि उत्तराच्या शेवटी निष्कर्षाचा वेगळा परिच्छेद जोडू नये.